बिल फ्रिझेल त्रयी, व्हिलेज व्हॅनगार्ड, रात्री दहाचा सेट

आधी निकाल सांगून टाकते, कारण पुढे मी वाहवत जाणार आहे. अमेरिकन जॅझ गिटारवादक बिल फ्रिझेलची गिटार तुम्हाला आवडत असेल आणि न्यूयॉर्कला जायचा योग येणार असेल, तर तो व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये कोणत्या आठवड्यात आहे ते आधी बघा आणि विमानाचं तिकीट मग काढा. तो एखाद्या मोठ्या सभागृहात वाजवणार असेल तर माझा तेवढा आग्रह नाही. तिथेही माणूस तोच, गिटारही तीच, पण मी जे ऐकून आले ते तिथे मिळेलच असं नाही.

हा नुसता भक्तिभाव नाही. माझा धंदाच आवाजाचा. मी नाटकांना साउंड देते. पार्श्वसंगीताचे क्यू, रंगमंचाच्या कडेला लपवलेले माइक, दौऱ्यावरच्या थिएटरातले घरघरणारे अॅम्प्लिफायर, यांतच आयुष्य गेलंय. कुठल्याही कार्यक्रमाला गेले की कलाकाराच्या आधी माझी नजर स्पीकरकडे जाते. फ्रिझेलला पूर्वी एका भल्यामोठ्या हॉलमध्ये ऐकलं होतं, हॉलचं नाव राहू दे. ड्रमसेटच्या प्रत्येक भांड्याला माइक, बास थेट मिक्सरमध्ये, गिटार डोक्यावर टांगलेल्या स्पीकरमधून. ऐकू सगळं आलं, अगदी लख्ख आलं. पण तिघं एकमेकांचं ऐकून वाजवताहेत असं काही केल्या वाटेना. त्यांची गाठ थेट मिक्सरवरच पडत होती, आणि मिक्सरवरच्या माणसाच्या मनात असेल तेवढाच फ्रिझेल माझ्यापर्यंत पोचत होता. तो माणूस वाईट काम करत नव्हता. मीही त्याच्या जागी तेच केलं असतं, एवढ्या मोठ्या जागेत दुसरं करणार काय?

व्हॅनगार्ड मॅनहॅटनमध्ये सेव्हन्थ अॅव्हेन्यू साउथवर आहे. बाहेर लाल कापडी छत, लाल दार आणि दारातून थेट तळघरात उतरणारा अरुंद जिना. खालची खोली त्रिकोणी आहे. निमुळत्या टोकाला स्टेज, तिथून खोली मागे रुंदावत जाते आणि शेवटी बार. छत बुटकं. क्षमता १२३ माणसांची. आपल्याकडच्या कुठल्याही नाट्यगृहाच्या बाल्कनीत याहून जास्त माणसं बसतात. टेबलं छोटी आणि एकमेकांना खेटून, म्हणजे शेजारच्या अनोळखी माणसाचं कोपर संध्याकाळभर आपल्या ओळखीचं होतं. लांब पाय पसरून बसायची सवय असलेल्यांनी तयारीनं जावं. भिंतींवर इथे वाजवून गेलेल्यांचे फोटो, स्टेजमागे लाल पडदा. आत शिरल्या शिरल्या मी सवयीनं एकदा हळूच टाळी वाजवून पाहिली. आवाज जवळजवळ परत आलाच नाही. कोरडी खोली. जे वाजेल तेवढंच ऐकू येणार, भिंती त्यात स्वतःची भर घालणार नाहीत. हळू वाजवणाऱ्याला अशी खोली लाभते आणि चुका करणाऱ्याला ती उघडं पाडते.

इथे खायला काही मिळत नाही. स्वयंपाकघर आहे, पण त्यात स्वयंपाक होत नाही. ते ऑफिसही आहे आणि कलाकारांच्या बसण्याची जागाही. त्यामुळे सेट, म्हणजे वादनाचा एक सलग भाग, सुरू व्हायच्या वेळी कलाकार मागून, आपल्याच टेबलांमधून वाट काढत स्टेजवर जातात. विंग नाही, पडदा वर जाणं नाही, तिसरी घंटा नाही. फ्रिझेल माझ्या खुर्चीला घासून पुढे गेला आणि जाताना ‘सॉरी’ म्हणाला. सत्तरी ओलांडलेला, उंच, पांढऱ्या केसांचा, जरा संकोची वाटणारा माणूस. सोबत आलेली भाची माझ्या कानाशी लागली, “मावशी, हेच का ते? मला वाटलं कुणाचे तरी आजोबा आलेत ऐकायला.”

सेटच्या आधी एक सूचना होते: फोटो नको, रेकॉर्डिंग नको, फोन बंद ठेवा, वाजत असताना बोलू नका. अशा सूचना आपण हजार वेळा ऐकलेल्या असतात आणि त्या पाळल्या जात नाहीत हेही गृहीत धरलेलं असतं. इथे पाळल्या जातात. एकाही टेबलावर फोनच्या पडद्याचा निळा उजेड दिसला नाही. बारवरचा माणूससुद्धा बर्फ भरायला टाळ्यांची वाट बघत होता. माझ्या लेखी तिकिटाच्या पैशांतला निम्मा भाग या शिस्तीचा.

कारण फ्रिझेल फार हळू वाजवतो. रेकॉर्ड ऐकून हे कळत नाही. घरी आपण आवाज वाढवतो आणि त्याची गिटार इतरांच्या गिटारीएवढी मोठी होऊन बसते. खोलीत समोर बसल्यावर समजतं की अॅम्प जेमतेम चालू आहे, इतका की सुरुवातीला तारेवर पिक लागल्याचा सुटा, लाकडी आवाजही ऐकू येत होता. रूडी रॉयस्टनचे ड्रम त्यांच्या अंगच्या आवाजात, थॉमस मॉर्गनचा बास त्याच्या शेजारच्या अॅम्पमधून. तिघांपैकी कुणालाही दुसऱ्यापेक्षा मोठं व्हायचं नव्हतं. एखादा जरा वर गेला की दुसरा आवाज वाढवायच्या ऐवजी सूर कमी करायचा, जागा सोडायचा. मिक्सरवर बसून जो तोल साधायला मी संध्याकाळभर धडपडते तो हे तिघं बोटांनी साधत होते.

सुरुवात कुठे झाली ते सांगता येणार नाही. ट्यूनिंग चाललंय असं वाटत असतानाच दोन-तीन सूर पायाखालच्या पेडलमध्ये अडकले, फिरून फिरून येऊ लागले आणि त्यावर त्यानं एक धून ठेवली. फ्रिझेलचं हे पेडलकाम प्रसिद्ध आहे: वाजवलेला तुकडा पकडायचा, फिरता ठेवायचा, मध्येच उलटा करायचा, त्यावर नवं काही बोलायचं. त्याच्या काही रेकॉर्डवर या थरांचा मला कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. इथे मात्र त्यानं पेडल मिठाएवढंच वापरलं. एक सूर मागे लटकत राहायचा आणि पुढची धून त्याच्याशी कधी जुळायची, कधी खटकायची. आणि खटकली की तो स्वतःशीच हसायचा. गिटारीची मान हातानं हलकेच दाबून सुराला किंचित लववायची त्याची लकब व्हिडिओत पाहिली होती. जवळून पाहिल्यावर कळलं की ती शोभेसाठी नाही. सूर विझत आलेला असतो तेव्हाच तो ते करतो, म्हणजे विझता विझता सूर एकदा हलतो.

जॅझ म्हटलं की लोकांच्या डोक्यात सोलो असतो: आधी धून, मग एकेकानं उठून आपली करामत दाखवायची, दर वेळी टाळ्या, शेवटी परत धून. या त्रयीत तसं जवळजवळ नाहीच. फ्रिझेल धूनच वाजवत राहतो. एकदा सरळ, एकदा अर्धी, एकदा तिच्या खालचे फक्त स्वरमेळ, एकदा मधल्या फटी तेवढ्या. जिम हॉल या जुन्या गिटारवादकाकडे तो शिकलेला आहे आणि हॉलचाही कल कमी सुरांत भागवण्याकडेच होता. शिवाय फ्रिझेल लहानपणी क्लॅरिनेट वाजवायचा. माझा आपला अंदाज असा की ते फुंकवाद्य त्याच्या हातातून गेलेलं नाही, कारण तो ज्या ठिकाणी थांबतो त्या श्वास घ्यायच्या जागा असतात. गिटारवाल्याला श्वासासाठी थांबायचं काहीच कारण नसतं, म्हणून तर बहुतेक गिटारवाले थांबत नाहीत.

ज्यांना हे संगीत नवं आहे त्यांच्यासाठी एक युक्ती. जुन्या अमेरिकन गाण्यांवर आधारलेल्या पुष्कळ रचना ३२ मात्राखंडांच्या असतात, आठ-आठचे चार भाग: पहिला, परत तोच, मग वेगळा, मग पुन्हा पहिला. हे एक आवर्तन. धून नाहीशी झाली तरी आवर्तन फिरतच असतं. बोटांवर आठ-आठ मोजत राहिलात तर तिसरा भाग आला की सगळ्यांचा रंग एकदम बदललेला कळतो आणि चौथ्याला घरी आल्यासारखं वाटतं. आपल्याला समेची सवय असते, त्यामुळे हे पटकन जमतं. फरक एवढाच की इथे समेवर कुणी आदळत नाही. मॉर्गन तर ती हमखास गाळायचा. डोळे मिटून, बासवर झुकून, नेमका पहिला ठोका सोडून द्यायचा आणि दुसऱ्यावर अलगद उतरायचा. खोलीतल्या सगळ्यांनी तो न वाजलेला ठोका ऐकला, माझ्या शेजारच्या कोपरानंसुद्धा.

रॉयस्टनबद्दल लिहायलाच हवं, कारण गिटारवाल्याच्या नादात ड्रमर राहून जातो. तो डेन्व्हरमध्ये वाढला, फ्रिझेलही तिथलाच. डेन्व्हरचाच कॉर्नेटवादक (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचं धाकटं भावंड) रॉन माइल्स २०२२ मध्ये गेला, त्याच्याबरोबर दोघांनीही वाजवलेलं. ही ओळख ऐकू येते. रॉयस्टनकडे ताकद प्रचंड आहे, हे त्याच्या इतर बँडमधलं काम ऐकलेल्यांना माहीत आहे. इथे तो ती दाबून धरतो. बराच वेळ काठ्यांऐवजी ब्रश, मग नुसता हात, मग एका सिंबलच्या काठावर काठीचं टोक. सेटच्या मध्यावर कधीतरी त्यानं एकदाच दार उघडलं. फ्रिझेलनं एक ओबडधोबड, विकृत केलेला सूर मुद्दाम सोडला आणि रॉयस्टन त्यावर अक्षरशः तुटून पडला. बुटक्या छताखाली तो आवाज छातीत लागला. मिनिटभरच चाललं असेल ते. पण आधीचा सगळा वेळ हळू ऐकून कान इतके उघडले होते की त्या मिनिटाला सबंध रॉक कॉन्सर्टचं वजन आलं. आमच्या नाटकवाल्यांना एक मोठा साउंड इफेक्ट हवा असतो, आणि त्याच्या आधीच्या प्रसंगात आवाज खाली आणू द्यायला मात्र ते तयार नसतात. त्यांना इथे आणून बसवायला हवं.

आता या खोलीबद्दल थोडं, कारण मी तिकडे निम्मी तिच्यासाठीच गेले होते. मॅक्स गॉर्डननं व्हॅनगार्ड १९३४ मध्ये सुरू केलं आणि १९३५ मध्ये या तळघरात आणलं. त्याआधी इथे दारूबंदीच्या काळातला चोरटा गुत्ता होता. पहिली कित्येक वर्षं कविता, लोकगीतं, विनोदवीर असं सगळंच चालायचं. १९५७ पासून ते जॅझचं झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्सनं फक्त बास आणि ड्रम घेऊन, पियानोशिवाय, इथे ध्वनिमुद्रण केलं. १९६१ च्या नोव्हेंबरात दुसरा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन याचं झालं. दोन्ही वेळा यंत्रांवर ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर होता. मॅक्स १९८९ मध्ये गेल्यावर त्याच्या बायकोनं, लॉरेन गॉर्डननं, २०१८ मध्ये जाईपर्यंत ही जागा सांभाळली. आता मुलगी, डेबोरा, सांभाळते.

पण माझ्यासाठी या खोलीची तारीख एकच: २५ जून १९६१, रविवार. बिल एव्हान्स पियानोवर, स्कॉट लाफारो बासवर, पॉल मोशन ड्रमवर. दुपार आणि रात्र मिळून पाच सेट, सगळे ध्वनिमुद्रित. पहिल्याच रचनेत वीज गेली आणि टेपमध्ये खड्डा पडला. तो अर्धवट टेक पुढे संपूर्ण संचात आहे तसाच प्रसिद्ध झाला. आमच्या धंद्यातल्या माणसाला तो ऐकताना पोटात गोळा येतो. त्या ध्वनिमुद्रणात ग्लास किणकिणतात, कुणीतरी बोलतं, हसतं. कुठलाही नवा स्पीकर तपासताना मी आधी तेच लावते. ग्लास जिथल्या तिथे किणकिणले, म्हणजे पियानोच्या मागे आणि जरा लांब, की स्पीकर पास. दोन आठवड्यांच्या आतच लाफारो मोटार अपघातात गेला, पंचवीस वर्षांचा होता. त्या दिवशी ऐकायला आलेल्या आणि मध्येच गप्पा मारणाऱ्या लोकांचा मला वर्षानुवर्षं राग येत आलाय.

त्या त्रयीतला ड्रमर पॉल मोशन पुढे ऐंशीच्या दशकापासून स्वतःच्या त्रयीत कुणाला घेऊन वाजवत होता? सॅक्सोफोनवर जो लोव्हानो आणि गिटारवर बिल फ्रिझेल. २०११ मध्ये मोशन गेला, तोपर्यंत ते तिघं वर्षानुवर्षं याच खोलीत वाजवत राहिले. थॉमस मॉर्गननंही मोशनबरोबर वाजवलेलं आहे. म्हणजे आज माझ्यासमोर उभे असलेल्या तिघांपैकी दोघं, १९६१ च्या त्या रविवारी याच टोकाला बसलेल्या माणसाच्या हाताखालून आलेले. बास हा ड्रमचा किंवा पियानोचा नोकर नाही, तो बरोबरीनं बोलेल, हा एव्हान्स-लाफारो-मोशनचा हट्ट होता. मॉर्गन ठोका गाळतो आणि तरी काही पडत नाही, ते त्या हट्टाचंच फळ. फ्रिझेल आणि मॉर्गननं दोघांतच २०१६ मध्ये इथे वाजवलेलं ईसीएम या रेकॉर्ड कंपनीनं नंतर दोन अल्बममध्ये काढलं. घरी ऐकायचं असेल तर मी त्यापासून सुरुवात करा म्हणेन. रॉयस्टनसह त्रयीचा अल्बम २०२० मध्ये ब्लू नोट या दुसऱ्या कंपनीनं काढला, तो त्यानंतर.

भाचीचा हवाला दिला नाही तर ती रागावेल. ती तिकडे शिकायला आहे आणि जॅझशी तिचं काही देणंघेणं नाही. मी पैसे भरले म्हणून आली. पहिल्या अर्ध्या तासात तिनं भिंतीवरचे फोटो मोजले आणि पेय संपवलं. एका टाळ्यांमध्ये मला विचारलं, “गाणं बदललं का आत्ता?” बदललं होतं. फ्रिझेल काही जाहीर करत नाही, एक रचना दुसरीत विरघळते आणि माहीतगारसुद्धा नावं शोधत बसतात. ज्यांना पुढे काय आहे हे कळल्याशिवाय चैन पडत नाही त्यांना हे जड जाईल. मला स्वतःला नाव न सांगितलेलं आवडतं. नाव कळलं की आपण जुनं ऐकायला लागतो.

शेवटाकडे मात्र ती ताठ बसली. गिटारीवर एकेका सुरानं, कुठलाही डामडौल न करता, एक धून आली. तिनं माझा हात धरला आणि ओठांनीच म्हणाली, “हम होंगे कामयाब!” शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेत म्हटलेलं गाणं तिथे तळघरात. ‘वी शॅल ओव्हरकम’ तो पुष्कळदा शेवटी वाजवतो, त्रयीच्या अल्बमचाही शेवट त्याच रचनेनं होतो. आपण ते इतक्या वेळा सामुदायिक, एका पट्टीत, ओरडून म्हटलेलं असतं की त्यात मुळात चांगली धून आहे हे विसरायला होतं. फ्रिझेलनं तिच्याखालचे स्वरमेळ जरा जरा बदलले, उत्साहाचे काढून घेऊन तिथे शंकेचे घातले, आणि रॉयस्टननं खालून मिरवणुकीसारखा ठेका दिला. कुणी सोबत गायलं नाही. मला वाटलं होतं कुणीतरी गाईल.

आता कामाच्या गोष्टी. रोज दोन सेट असतात, आठ आणि दहा. तिकीट सेटनुसार वेगळं, साधारण चाळीस डॉलर, आणि वर एक पेय घ्यावं लागतं. ते दारूच हवं असं नाही. एक बँड सहसा मंगळवार ते रविवार आठवडाभर असतो, म्हणून तारखेला थोडी लवचिकता मिळते, पण नावाजलेल्यांचे आठवडे लवकर भरतात. तिकिटावर खुर्चीचा क्रमांक नसतो, आधी येईल त्याला आधी. मी दहाचाच सेट सुचवेन. आठच्या सेटला पाठीमागे दुसरं गिऱ्हाईक उभं असतं, हे वाजवणाऱ्यालाही माहीत असतं. दहानंतर कुणी येणार नसतं. शिवाय तोवर हात गरम झालेले असतात आणि श्रोत्यांमधले जेवणाची घाई असलेले गळालेले असतात.

कुठे बसायचं? लोक पहिल्या टेबलांसाठी धडपडतात. तिथे बोटं दिसतात हे खरं, पण तीन वाद्यं तीन दिशांनी येतात आणि ज्याच्यासमोर बसाल तो जास्त मिळतो. आवाजासाठी म्हणाल तर खोलीच्या मध्याच्या जरा पुढची टेबलं. तिथे तिघं जुळून येतात. बारजवळ गेलात तर बास फुगतो. सेव्हन्थ अॅव्हेन्यूखालून भुयारी रेल्वे जाते तेव्हा बारीक थरथर पायाला कळते. मंद रचनेत ती जरूर जाणवेल, घाबरू नका. मोटारनं जायच्या भानगडीत पडू नका, त्याच रेल्वेनं फोर्टीन्थ स्ट्रीटला उतरून चालत जा.

आणि तुमच्या आवडीच्या कुणाचा आठवडा जुळलाच नाही तर सोमवारी जा. थॅड जोन्स आणि मेल लुइसनं फेब्रुवारी १९६६ मध्ये सुरू केलेला मोठा बँड, आताचा व्हॅनगार्ड जॅझ ऑर्केस्ट्रा, अजून सोमवारी तिथेच वाजवतो. सोळा माणसं त्याच निमुळत्या टोकात कोंबलेली. तेव्हा मात्र मध्याच्या पुढे बसायचा माझा सल्ला रद्द समजा आणि बारजवळची जागा धरा. ट्रम्पेटची रांग उभी राहिली की पुढच्या टेबलांवरचे लोक मागे सरकायला जागा शोधतात, आणि तिथे ती नसते.